हात कानापर्यंत

“मामा, चोरी.”

मॅडमनी हे इतक्या शांतपणे म्हटलं, की शेजारच्या पलंगावर गुडघ्याला शेक घेत पडलेल्या काकूंनी आपली पर्स पोटाशी ओढली.

मामा भिंतीला तोंड करून उभे होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मुंग्यांसारखी भिंत चढत खांद्याच्या खालपर्यंत पोचली होती आणि पुढचा रस्ता खोदून ठेवल्यासारखी थबकली होती. म्हणून मामांनी कंबर जराशी मागे झुकवली, टाचा किंचित उचलल्या, खांदा कानाकडे नेला. बोटं आणखी चार इंच वर गेली. आरोप या चार इंचांबद्दल होता.

“तेहेतीस वर्षं खात्यात आहे मी,” मामा भिंतीलाच म्हणाले. “हा शब्द मी लोकांना वापरतो. मला कुणी वापरला नव्हता.”

“काम खांद्याला सांगितलंय. करतेय कंबर. खांदा नुसता हजेरी लावून बसलाय. आमच्यात याला चोरी म्हणतात.”

“आमच्यात याला बदली ड्यूटी म्हणतात.”

“टाचा टेका. जेवढा तुमचा आहे तेवढाच वर करा.”

मामांनी टाचा टेकल्या. चार इंच गेले. मॅडमनी दोन पट्ट्यांचं प्लास्टिकचं कोनमापक त्यांच्या खांद्याला लावलं, एक पट्टी बरगडीच्या रेषेत, दुसरी दंडाच्या, आणि डोळे बारीक करून वाचलं. “बासष्ट,” त्या म्हणाल्या. “काल अठ्ठावन्न होतात.”

काकूंनी पर्स परत उशाशी ठेवली.

हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरची ही फिजिओथेरपीची खोली लांबट आणि उजळ होती. छताला कप्प्या, भिंतीला लाकडी चाक, कोपऱ्यात कुठेही न जाणारी सायकल आणि कुठेही न जाणाऱ्या तीन पायऱ्या. सकाळी नऊ ते बारा इथे माणसं यायची, अतिशय सावकाश हलायची आणि घरी जायची. कुणी दोरीने स्वतःचाच हात वर ओढायचं, कुणी टाचेखाली टॉवेल घेऊन पाय पुढेमागे सरकवायचं, कुणी कमरेत वाकून मोकळा सोडलेला हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवत ठेवायचं. शेकाच्या पिशव्यांची वाफ उन्हात तरंगायची. दारातून पहिल्यांदाच डोकावणाऱ्याला वाटायचं, ही सगळी माणसं पाण्याखाली आहेत आणि त्यांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मॅडमना नावं लक्षात राहत नसत. आकडे राहत. त्यामुळे “पंच्याण्णव आल्या का?” असं त्यांनी विचारलं की काकू बाकावरून उठायच्या, कारण त्यांचा नवा बसवलेला गुडघा पंच्याण्णव अंशांत वाकायचा. पुढच्या आठवड्यात काकू एकशे दोन झाल्या आणि पंच्याण्णव हे नाव दुसऱ्याच कुणाच्या तरी कोपराला मिळालं. एकदा एकाच दिवशी दोघं नव्वद झाले तेव्हा हाक मारल्यावर एक खांदा आणि एक गुडघा बरोबरच उठले. गुडघ्याला वेळ लागला, म्हणून खांद्याचा नंबर आधी लागला. एकूण इथे बरं होणं म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी नाव बदलणं. पुरते बरे झालेले लोक यायचेच बंद व्हायचे, त्यामुळे एकशे ऐंशी नावाच्या माणसाला तिथे कुणी पाहिलेलं नव्हतं. आहे म्हणतात.

मामांना मात्र आकडा कधी चिकटला नाही. ते आधीपासूनच मामा होते. वाहतूक पोलीस म्हटला की तो सगळ्यांचा मामा, आणि हे तर एकोणीस वर्षं एकाच चौकात उभे राहिलेले. त्यांच्या एकुलत्या एका बहिणीला मूलबाळ नव्हतं. सख्खा भाचा एकही नसताना मामा अख्ख्या शहराचे मामा होते.

हात मोडण्याची हकीकत त्यांनी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितली होती, कारण कार्डावर तसा रकाना होता. एकोणीस वर्षांत त्यांना एकाही गाडीने स्पर्श केला नव्हता. ते पडले घराच्या गच्चीवर. दोरीवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने सुटली आणि सरळ त्यांच्या अंगावर चालून आली. मामांनी सवयीने उजवा हात वर करून तिला थांबायची खूण केली.

“मग?”

“थांबली नाही.”

चादर तोंडावर, पाय पाण्याच्या नळीवर, आणि खाली पडले ते उजव्या खांद्यावर. दंडाचं हाड वरच्या बाजूला मोडलं. सहा आठवडे हात झोळीत होता. झोळी निघाली तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण मधल्या काळात खांदा हलायचं विसरला होता. पस्तीस अंशांपर्यंत जायचा, आणि पुढे दार आतून लावून घ्यायचा.

कार्डावर आणखी एक रकाना होता, त्याचं नाव ‘काय करता यायला हवं’. मॅडम तो सगळ्यांचा भरून घ्यायच्या. त्यांचं म्हणणं, अंश माझ्यासाठी, हे तुमच्यासाठी. काकूंच्या कार्डावर होतं ‘बसच्या पहिल्या पायरीवर चढणे’. खिडकीजवळ बसणाऱ्या एका तरुण कारकुनाची मान फक्त डावीकडे वळायची. त्याच्या कार्डावर होतं ‘बायको उजवीकडे झोपते’. मामांनी बराच विचार करून सांगितलं, “थांबवणे.”

“काय थांबवणे?”

“समोरून येणारं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. मागून येणारी गाडी थांबवायची तर हात आडवा, खांद्याच्या रेषेत. तेवढं नव्वद अंशांत भागतं. पण समोरून येणाऱ्याला थांबवायचं तर हात सरळ वर, दंड कानाला टेकलेला, तळवा पुढे. मेडिकल बोर्डही तेच बघणार होतं. दोन महिन्यांनी तारीख होती. हात कानाला लागला तर चौक परत. नाही लागला तर निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष शहराबाहेर, जप्त गाड्यांच्या मैदानावर.

“मैदान वाईट आहे का?” मॅडमनी विचारलं.

“वाईट नाही. तिथे सगळ्या गाड्या आधीच थांबलेल्या असतात.”

मॅडमनी रकान्यात लिहिलं, ‘समोरून येणारं थांबवणे’, आणि तारखेला गोल केला.

मामांनी हे घरी कधी बोलून दाखवलं नाही, पण चौक सोडून जगात कुठेच त्यांचं कुणी ऐकत नसे. घरातलं कपाट त्यांच्याच्याने उघडत नसे, मामींनी नुसता हात लावला की उघडायचं. दुकानात ते काउंटरपाशी उभे असताना त्यांच्यामागून आलेले लोक सामान घेऊन जायचे. चौकात मात्र हात वर गेला की चार रस्ते ऐकायचे. विटांनी भरलेला ट्रक, लग्नाला उशीर झालेला नवरा, नगराध्यक्षांची गाडी, सगळे. बोलावंही लागायचं नाही.

तर रोज सकाळी आधी शेक, मग लंबक, मग कप्पी, मग काठी दोन्ही हातांत धरून वर, आणि शेवटी भिंत. मॅडमचा नियम होता, “दुखलं तर सांगा, ओढलं तर सांगू नका.” घरी करायचे व्यायाम वेगळे, दिवसातून तीनदा. मामी स्वयंपाकघरातून मोजायच्या.

“आठ झाले.”

“दहा झाले.”

“मला आठ ऐकू आले. दुसऱ्या वेळी तुम्ही हुश्श केलं नाहीत.”

सत्तरला मामांना शर्टाची वरची गुंडी लावता आली. ऐंशीला भांग पाडता आला, तो जरा आडरानात गेला, पण आपल्या हाताने गेला. एका सकाळी ते शर्ट घालूनच बाहेर आले. मामी त्यांच्या मागे दुसरा शर्ट उलगडून उभ्या होत्या.

“कधी घातलात?”

“आत्ताच. बाही चढली.”

मामींनी हातातल्या शर्टाची घडी घातली. “सांगायचं तरी,” त्या म्हणाल्या. “दोन-अडीच महिने रोज तुमच्या मागे धावतेय शर्ट घेऊन. माणसाला सवय लागते. मोडायला आठवडा तरी द्यायचा.”

दुपारी जेवून मामा आडवे होत आणि त्यांना स्वप्न पडे. स्वप्नात हात वर जायचा. नव्वद, शंभर, एकशे ऐंशी, तिथेही न थांबता छतातून आरपार, गच्चीच्या वर. मग वर कावळे थांबायचे. पतंग थांबायचे. एक मोठा पांढरा ढग थांबायचा आणि कागदपत्रं शोधायला लागायचा. मामा त्याला म्हणायचे, “राहू द्या, फक्त हळू जा,” आणि ढग खूप आभार मानून हळू जायचा. मामी उठवायच्या तेव्हा हात उशीखाली अडकलेला असायचा, मुंग्या येऊन.

चौऱ्याण्णवला खिडकीचा प्रकार सुरू झाला.

हॉस्पिटल मामांच्याच चौकात होतं. मामांनी भिंतीचा व्यायाम करायला खिडकीशेजारची जागा निवडली होती. उजेड चांगला आहे म्हणून, असं ते म्हणाले होते. पूर्वेकडून येणाऱ्या रस्त्याचं तोंड बरोबर या खिडकीकडे होतं. भिंतीच्या फेऱ्या झाल्या की मॅडम काचेकडे तोंड करून, आधाराशिवाय, हात समोरून वर करायला लावत. तळवा पुढे, दहा वेळा, तीन फेऱ्या.

“मामा,” खिडकीपाशी बसलेला कारकून म्हणाला. त्याला सगळे मानच म्हणत. “खाली गाद्यांचा टेम्पो थांबलाय.”

“थांबेल. चौक आहे.”

“आता गेला.”

मामांनी हात पुन्हा वर केला.

“रिक्षा थांबली. मामा, रिक्षावाला वर बघतोय. नमस्कार केला त्याने.”

“कोणता? दाढीवाला?”

“हो.”

“त्याला म्हणावं, मागचा दिवा बसव.”

मामांनी हात खाली घेतला. रिक्षा गेली. खोलीतलं हलणं आणखी सावकाश झालं. काकूंनी वाकवलेला गुडघा तसाच धरून ठेवला. मामांनी हात वर केला, मान म्हणाला “थांबले”. खाली केला, मान म्हणाला “गेले”. अशा दहा वेळा. मॅडम कोनमापक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढंच म्हटलं, “सातव्या वेळी कोपर वाकलं. पुन्हा करा.”

पुन्हा केल्यावर पूर्वेचा रस्ता पुन्हा थांबला.

तिसऱ्या दिवशी बदली वर आला. मामांच्या जागी नेमलेला हा हवालदार चाळिशीचा, जाडसर, गळ्यात शिट्टी, आणि मामांनी त्याचं नाव बदली ठेवलेलं त्याला ठाऊक होतं. दारात उभा राहून त्याने टोपी काढली.

“मामा, एक विनंती होती.”

“बोल की.”

“तुमचे व्यायाम बंद करा.”

“का रे?”

“मी म्हणतो चला, तुम्ही वरून म्हणता थांबा. लोक तुमचं ऐकतात. काल एक बाई मला म्हणाली, तुम्ही जरा बाजूला व्हा, मामा दिसत नाहीत.”

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसू नये याची त्यांनी बरीच काळजी घेतली.

“व्यायाम बंद होणार नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “अठ्ठावीसला बोर्ड आहे.”

“मग दुसऱ्या भिंतीवर घ्या.”

“त्या भिंतीवर काकूंचे गुडघे आहेत.”

“बाई गं,” काकू पलंगावरून म्हणाल्या, “दोघांनी मिळून ठरवा ना. एकाच खात्यातले आहात.”

तसं ठरलं. खाली बदलीला पूर्वेचा रस्ता थांबवायचा असला की तो दोनदा शिट्टी वाजवणार. खिडकीपाशी मान सांगणार, “पूर्व.” मग मामा हात वर करणार. सोडायचं असलं की एक शिट्टी. मॅडमनी एकच अट घातली. “मला तीस पूर्ण हवेत. मधे किती वेळ थांबायचं ते तुमचं खातं बघेल.”

पुढचे दोन आठवडे दहा ते साडेदहा तो चौक मामांच्या खांद्यावर चालला. खाली कुणालाही यात वावगं वाटलं नाही. मॅडमनी हातात रबरी पट्टी दिली तेव्हा हात वर जायला वेळ लागू लागला, आणि पूर्वेचे लोकही जरा सावकाश थांबायला शिकले. वरून काचेतून आवाज येत नसे. गाड्या मासळीसारख्या यायच्या, थांबायच्या, शेपट्या हलवायच्या, जायच्या. एकशे चार. एकशे अकरा. एकशे अठरा. मानची मान एवढ्या काळात उजवीकडे दोन बोटं वळायला लागली, पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही, कारण मग खिडकीची जागा गेली असती.

सत्तावीस तारखेला मॅडमनी कोनमापक लावलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचत राहिल्या.

“एकशे सव्वीस.”

“कानाला लागायला किती पाहिजेत?”

“एकशे सत्तर धरा.”

“उद्यापर्यंत?”

“खांदा असा चालत नाही, मामा. अजून तीन महिने द्या मला. रोज दोन-तीन अंश देत आलाय तो, आता अर्धा देईल, पण देईल. तारीख पुढे ढकलून मागितलीत?”

“मागितली. अर्जाला उत्तर आलं. अर्ज पोचला म्हणून.”

मॅडम कार्ड आणायला आतल्या खोलीत गेल्या. त्या गेल्याबरोबर काकू उठून बसल्या.

“मामा, इकडे बघा. हात कानापर्यंत जात नाही ना? मग कान हातापर्यंत न्या.”

“म्हणजे?”

“कंबर मागे, खांदा वर, मान जराशी कलती. समोरून कोण बघतंय? माझा पुतण्या असाच लष्करात गेला.”

“लष्करात?”

“म्हणजे लष्कराच्या कँटीनमध्ये. पण तपासणी झाली होती.”

मामांनी आधी कंबर झुकवली. मग टाच उचलली. मान खिडकीतून सूचना देत होता, कारण मान कलती करण्यातला तो जाणकार होता. “अजून, अजून थोडी. आता नैसर्गिक वाटतंय. थोडं हसा.” दंड कानाला टेकला. समोरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, हात सरळ आकाशात गेलाय. खाली, शिट्टी वाजलेली नसताना, पूर्वेचा रस्ता थांबला.

मॅडम कार्ड घेऊन दारात उभ्या होत्या. मामांनी त्यांना काचेत पाहिलं. ते तसेच थांबले, तो शब्द ऐकायची वाट बघत.

मॅडम शेकाच्या पेटीकडे गेल्या, बटण बंद केलं, आणि पिशव्यांवर टॉवेल टाकत बसल्या. ते काम एरवी आया करायच्या.

बोर्ड म्हणजे एक टेबल आणि तीन माणसं. खोलीला खिडकी नव्हती. मधले डॉक्टर वयस्कर होते, त्यांना सर्दी झाली होती, आणि त्यांच्यासमोर कोनमापक वगैरे काही नव्हतं. मामांच्या आधीच्या शिपायाने टेबलाची कड धरून दोन उठाबशा काढल्या. डॉक्टर न बघताच “छान” म्हणाले.

“पुढचे. हं, खांदा. हात वर करा, कानाला लावा आणि निघा. बाहेर अजून अकरा जण आहेत.”

मामांनी हात वर केला. समोरून, तळवा पुढे, कोपर ताठ. एकशे सव्वीसला तो थांबला. तिथून कानापर्यंतचा रस्ता त्यांना आता पाठ होता. कंबर, टाच, मान, आणि थोडं हसू. पाच सेकंदांचं काम.

“अजून,” डॉक्टर म्हणाले.

“एवढाच आहे, साहेब.”

आता डॉक्टरांनी वर पाहिलं. “थोडं मागे रेलून बघा. जाईल.”

“जाईल. पण तो खांद्याचा नसेल.”

“मग कुणाचा असेल?”

“कंबरेचा.”

डॉक्टरांनी शेजारच्याकडे पाहिलं, शेजारच्याने छताकडे. “अहो, मामा,” डॉक्टर नाक पुसत म्हणाले, “मी तुमच्या चौकातूनच येतो रोज. तुम्ही तिथे असलात तर मलाही बरं. वर जातोय ना हात? कुठून का जाईना.”

“दिवसातून पाचशे वेळा वर करावा लागतो, साहेब. इथे एकदा जाईल. तिथे चारशेव्या वेळी कंबर म्हणेल, आज राहू दे. आणि समोरच्याला अर्धा हात दिसला, तर तो अर्धाच थांबतो.”

मामांचा हात एकशे सव्वीसवरच होता. कुणी खाली घ्या म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांनी शेवटी लिहिलं. अहवाल नंतर मामांना मिळाला, त्यात दोन ओळी होत्या. ‘उजवा खांदा अपुरा. कंबर उत्तम.’

घरी मामींनी दार उघडलं. “मिळालं का?”

“मिळालं.”

“चौक?”

“मैदान.”

मामींनी त्यांची टोपी घेतली, आतल्या बाजूने पुसली, खुंटीला लावली. “सावली आहे का तिथे?”

“चार झाडं आहेत.”

“खुर्ची?”

“असेल.”

“हो का,” म्हणून मामी आत गेल्या. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला. त्या आवाजात आनंद होता. मग तो त्यांच्या लक्षात आला असावा, कारण भांडी एकदम सुतकात असल्यासारखी वाजायला लागली. मामा बाहेर बसून दोन्ही ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी ते नऊला हॉस्पिटलमध्ये हजर झाले, अहवाल घेऊन. मॅडमनी तो उभ्यानेच वाचला, मागची कोरी बाजूही वाचली.

“यांनी मोजलं नाही?”

“नाही.”

“नुसतं बघितलं?”

“बघितलं नाही म्हटलं तरी चालेल.”

“मग तुम्ही...” मॅडमनी आवाज खाली आणला, कारण काकूंनी पाय हलवायचं बंद केलं होतं. “परवा इथे लागला होता की कानाला. मी बघितलं.”

“तुम्हीच म्हणता ना, जेवढा तुमचा आहे तेवढाच.”

मॅडमनी कोनमापक मिटलं, उघडलं, परत मिटलं.

“मी व्यायामापुरतं म्हणत होते, मामा,” त्या म्हणाल्या.

मामांनी थोडा विचार केला. “ते तुम्ही सांगितलं नाहीत.”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “नाही सांगितलं.”

मग त्यांनी मामांचं कार्ड काढलं आणि ‘काय करता यायला हवं’ या रकान्यातल्या ओळीवर पेन धरलं. खोडलं मात्र नाही. “आता इथे काय लिहू?”

“राहू द्या. सुचलं तर सांगतो.”

“शेक घ्या,” मॅडम म्हणाल्या. “आज कप्पीपासून सुरू करू.”

त्या दिवशी मामांनी खिडकीकडे पाठ करून व्यायाम केले. खाली शिट्टी दोनदा वाजली. मान काही बोलला नाही. पुन्हा दोनदा वाजली. मग बदलीने आपला हात वर केला असणार, कारण थोड्या वेळाने गाड्या थांबल्या.

मैदानात दोनशेच्या वर गाड्या होत्या. पहिल्या दिवशी मामा त्यांच्यामधून फिरले तेव्हा त्यांना आपण फार उशिरा पोचल्यासारखं वाटलं. स्कूटरी सगळ्या एकाच बाजूला कलून उभ्या होत्या, कुणी तरी काही सांगतंय आणि त्या ऐकतायत अशा. एका बसच्या सुकाणूवर वेल चढला होता आणि खिडकीतून बाहेर पडून पुढच्या बसमध्ये शिरला होता. एका मोटारीच्या फुटक्या दिव्यात चिमणीने घर केलं होतं, आणि चिमणी आत असली की दिवा लागल्यासारखा वाटायचा. वारा आला की वाळलेलं गवत सगळ्या चाकांना एकदम लागायचं. खुर्ची होती. झाडं तीनच निघाली, ते मामांनी घरी सांगितलं नाही.

आठवड्यातून दोनदा ते सकाळी हॉस्पिटलला जायचे आणि अकराला मैदानावर यायचे. अंश हळूहळू येत होते. एकशे एकतीस. एकशे बत्तीस. एकशे बत्तीस.

तिसऱ्या आठवड्यात एक माणूस सोडवणुकीचा कागद घेऊन आला. कागद नीट होता, शिक्के सगळे होते. गाडी निळी, जुनी, त्याच्या वडिलांची. चौदा महिने ती त्या कोपऱ्यात उभी होती.

“वडील स्वतः यायचं म्हणत होते,” तो म्हणाला. “मीच नको म्हटलं. त्यांना अशी बघवली नसती.”

त्याने रुमालाने काच पुसली, आत बसला आणि किल्ली फिरवली. गाडीने घसा खाकरला. पुन्हा फिरवली. पुन्हा खाकरला, आणि मग तेही बंद झालं. माणूस सुकाणू धरून समोर बघत बसला.

“ढकलावी लागेल,” तो म्हणाला. मग त्याने मामांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं आणि म्हणाला, “कुणी असेल का?”

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी टोपी काढून शेजारच्या गाडीच्या टपावर ठेवली आणि निळ्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले.

“न्यूट्रलला टाका,” ते म्हणाले. “मी सांगेन तेव्हा गिअर. आणि एकदा लागली की थांबू नका. थांबलात तर परत लागणार नाही.”

“आणि तुमचे आभार वगैरे?”

“चालता चालता माना.”

त्यांनी दोन्ही तळवे डिकीवर ठेवले. पत्रा उन्हाने कोमट झाला होता. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग गवताच्या मुळ्या तुटल्याचा बारीक आवाज आला, चाकं चौदा महिन्यांच्या खड्ड्यांतून वर आली आणि गाडी निघाली. आधी बोटभर, मग हातभर. मामा चालू लागले, मग जरा जोरात चालू लागले. खांदा ओढत होता. दुखत नव्हता.

“आता,” ते म्हणाले.

गाडीने गचका खाल्ला, काळा धूर सोडला आणि एकदम लागली. माणूस थांबला नाही. फाटकातून रस्त्यावर वळताना त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, आणि तो हात झाडांमागे जाईपर्यंत हलत राहिला. इंजिनाचा आवाज बराच वेळ येत होता, मग येईनासा झाला.

मामा मैदानाच्या मधोमध उभे होते. त्यांचे दोन्ही हात अजून समोर होते, छातीच्या उंचीवर, तळवे उघडे, निळसर धुळीने माखलेले. ते खाली घ्यायची त्यांना घाई नव्हती.